मालकांची मोटार आणि माझा हात

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान आधी विसरवाडीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना तापीकाठच्या एका मोठ्या गुजर शेतकऱ्याकडे ड्रायव्हरची नोकरी लागली. मालकांची केळी होती, ऊस होता, कपाशी होती, आणि पंचक्रोशीत कोणाकडे नव्हती अशी एक काळी मोटार होती. ती त्यांनी सुरतेहून जुनी घेतली होती. पाहायला आमच्या यांनाच नेलं होतं. यांनी ती चालवून पाहिली आणि म्हणाले, एक नंबर आहे, घ्या.

मालकांच्या खळ्यात, मोटारीच्या पत्र्याच्या शेडला लागून आम्हाला एक खोली मिळाली. माझं माहेर धानोऱ्याचं, सासर रनाळ्याचं. दोन्ही ठिकाणी भरलेली घरं. स्वतःची अशी चूल मला त्या खोलीत पहिल्यांदा मिळाली. मालकांच्या घरात आपसात गुजरी बोलत, आमच्याशी अहिराणी. घराचा कारभार मालकांच्या आईच्या हातात होता. त्यांना सगळं गाव मोठमाय म्हणायचं. मी त्यांच्याशी कधी मान वर करून बोलले नाही. त्या काय, मी कोणाशीच बोलत नसे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही गुरुजींनी नाव विचारलं की माझा आवाज बसायचा.

शेडपासून गोठ्यापर्यंत जमीन उतरती होती. मोटारीचा हँडब्रेक ढिला होता, धरत नसे. म्हणून हे गाडी उभी करताना ती बॅक गियरमध्ये टाकून ठेवायचे आणि पुढच्या चाकाला दगड लावायचे. त्या मोटारीची गियरची दांडी खाली जमिनीत नव्हती, स्टेअरिंगच्या चाकाखाली आडवी होती. संध्याकाळी ती दांडी बॅक गियरला बसायची, आणि सकाळी कधी कधी तिथून निघायचीच नाही. क्लच दाबा, दांडी ओढा, शिव्या द्या, गाडी आपली मागे जायला तयार, पुढे नाही.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होते. हे गाडीत बसून घामाघूम झालेले. मालकांना नंदुरबारला बाजार समितीत जायचं होतं. यांनी मला हाक मारली.

"ऐकस का? पुढून जोर लाव. जरा मांगे रेट."

मी हात धुऊन पदर खोचला आणि गाडीच्या नाकाला दोन्ही हात लावून चढाकडे रेटलं. गाडी वीतभर मागे सरली, यांनी क्लच दाबून दांडी हिसकली, आणि ती सुटली. गाडीचं सगळं वजन त्या एका गियरवर येऊन तो आवळला जातो, जरा मागे रेटलं की ढिला होतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला कोणी काही समजावून सांगतं आहे, याचंच मला अप्रूप वाटलं.

पुढच्या खेपेला रेटूनही सुटली नाही. मग यांनी बोनेट उघडलं. स्टेअरिंगचा दांडा खाली इंजिनाच्या बाजूने उतरतो, त्याच्या टोकाशी बोटाएवढ्या दोन पट्ट्या असतात. एक पट्टी पुढच्या गियरची, एक बॅक गियरची. दोन्ही एका रेषेत आल्या तरच वरची दांडी हलते. त्या पट्ट्या झिजल्यामुळे एक वर गेली, एक खाली राहिली, की सगळंच अडकतं. ती हातानेच सरळ करायची. पण यांचं मनगट जाड. मडगार्ड आणि इंजिनाच्या मधल्या फटीत त्यांचा हात अर्धाच जायचा.

"तुन्हा हात दखाड," ते म्हणाले. मी दाखवला. "बारीक शे. घाल आतमां."

मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, त्यांवर फडकं बांधलं आणि हात घातला. आत गार, चिकट, काळोखं. त्यांचा आवाज वरून, "अजून खाले. लागनं का? दोन शेतस ना? वरली खाले दाब." मी दाबलं. खट् असा आवाज झाला. दीड-दोन वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोकळं हसावं ते तेव्हा.

त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी मला बोलावणं येई. आधी क्लच दाबून पाहायचं. मग मी पुढून रेटायचं. तेवढ्यानं झालं तर ठीक, नाहीतर बोनेट. शेवटी माझा हात. पुढे पुढे मला न पाहता बोटांना कळायचं कुठली पट्टी चढली आहे ते. ग्रीस लवकर निघत नसे. मी चुलीतल्या राखेत थोडं रॉकेल घालून नखं घासायचे. हे म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस, मालकांना वाटेल ड्रायव्हर बाईकडून गाडी दुरुस्त करतो. मी कोणाला सांगणार होते? उलट आमच्या दोघांत काहीतरी आहे जे या एवढ्या मोठ्या वाड्यातल्या कोणाला ठाऊक नाही, याचा मला आनंद होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मालकांकडे सोवळं कडक. बाईला ते चार दिवस आले की तिने कशाला शिवायचं नाही. हे त्यांच्या सुनांनाच नाही, खळ्यात राहणाऱ्या आम्हालाही लागू. मी त्या दिवसांत कपाशीच्या कोठारामागच्या पडवीत बसायचे. हे स्वतः पिठलं-भाकरी करून खायचे, मला दुरून द्यायचे. विहिरीला शिवायचं नाही, गोठ्यात जायचं नाही. आणि मोटार तर मोठमायच्या दृष्टीने लक्ष्मी. दसऱ्याला तिला कुंकवाचं स्वस्तिक निघायचं, रोज सकाळी मोठी सून तिच्या चाकांवर पाणी घालायची.

अशाच एका दिवशी, उजाडताना, हे पडवीशी आले.

"चाल. अडकनी."

मी म्हटलं, "मी बाहेर बठेल शे."

"मंग काय व्हयनं? गाडीले काय समजस? इंजिन शे ते, देव्हारा नही."

मी घाबरले. दोनदा नाही म्हटलं. तर त्यांनी सरळ माझं मनगट धरलं आणि मला उठवलं. त्या चार दिवसांत मला कोणी शिवलं असं माझ्या आयुष्यात तोवर घडलं नव्हतं. आईनेही नाही. मी शेडमध्ये गेले, हात घातला, गियर सोडवला. गाडी दिवसभर फिरून नीट परत आली, काही वाईट झालं नाही. संध्याकाळी दुरून भाकरी देताना ते डोळा मारून म्हणाले, "दखं? चालनी ना?"

पुढेही दोन-तीन वेळा तसं झालं. मी हे पाप आहे म्हणून मनात देवाची क्षमा मागायचे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला माझा नवरा जेवढा आवडला तेवढा आधी किंवा नंतर कधी आवडला नाही. सगळं जग मला विटाळ म्हणतं, आणि हा एक माणूस म्हणतो, चल, तुझा हात पाहिजे. मी ते धरून बसले होते. दुसरं धरायला फार काही नव्हतंच.

मग मालकांच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. नवरीचं गाव आठ कोसांवर, मुहूर्त दुपारचा. वऱ्हाड पहाटेच दोन ट्रक आणि बैलगाड्या भरून पुढे गेलं. नवरदेव, मालक आणि दोन-चार जवळची माणसं मोटारीने निघणार होती. मोठमाय घरीच राहणार, त्यांच्यात नवरदेवाची आई लग्नाला जात नाही. मोटारीला आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. यांनी ती नवरदेवाला बसायला सोपी जावी म्हणून मागे घेत घेत थेट मालकांच्या ओट्याच्या कडेला आडवी लावली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, मोठमायने नवरदेवाला ओवाळलं, तो आत बसला. आणि दांडी निघेना.

मी खळ्याच्या फाटकाशी बायकांच्या मागे उभी होते. यांचा खांदा कसा वर गेला त्यावरूनच मला कळलं.

आधी कोणाला काही वाटलं नाही. मग यांनी दहा माणसांना गाडी हलवायला लावलं. पुढून रेट, मागून रेट. माळा तुटल्या. नवरदेव आत डावीकडे-उजवीकडे हलत होता, त्याच्या मुंडावळ्या एका कानावर आल्या.

"काय व्हयनं रे?"

"बॅक गियर अडकना."

"म्हंजे मांगेच जाई का?"

"जाऊ द्या ना मंग! नवरदेव उलटा चालना सासरवाडीले!"

"सासराले पयले पाठ दखाडी!"

हसणं झालं. मालक हसले नाहीत. यांनी बोनेट उघडलं आणि हात घातला. मला ठाऊक होतं तो कुठपर्यंत जाणार. मी दोन बायकांच्या मधून पुढे झाले. पाच दिवसांपूर्वी मी बाहेर बसले होते, त्यानंतर डोक्यावरून न्हाऊन मोकळी झालेली, नवं लुगडं नेसलेली. यांनी मान वर केली आणि त्यांची माझी नजर भेटली. मी पदराखालून हात थोडा बाहेर काढला, बांगड्या वर सारल्या. एवढ्या लोकांसमोर जायचं होतं, तरी त्यांनी नुसती मान हलवली असती तर मी गेले असते. त्यांनी नजर काढून घेतली.

मालक जवळ आले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू येत होता.

"तूच पसंद करी व्हती ना ही गाडी? चार म्हयनापाईन इचारी ऱ्हायनू, तू सांगस एक नंबर शे. मन्हा भाऊना मुहूर्त गया तं उद्यापाईन दुसरा ड्रायव्हर दखसू मी. तू खोली खाली कर."

तेवढ्यात ओट्यावरून मोठमाय म्हणाल्या, "त्याले कशाले बोलतस? नारळ फुटना, ओवाळं, तरी अडकनी म्हंजे कोनीतरी शिवनं व्हई." आणि यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोनी बाहेरबठेल बाईनी हात लावा का रे गाडीले?"

त्या असं काही घडलं की नेहमीच असं विचारायच्या. कपाशीला कीड लागली तरी. "नही, मोठमाय" म्हटलं की विषय संपायचा. हे मालकांकडे पाहत होते. मग म्हणाले, "मन्ही बायकोनी लावा व्हता. चार-पाच दिन व्हयनात. बाहेर बठेल व्हती तवय."

माझ्या शेजारच्या बाईने लुगडं आवरून घेतलं. मग पलीकडच्या बाईने. हळूहळू माझ्याभोवती मोकळी जागा झाली.

मोठमायने मला हाताने पुढे बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. "खरं शे का वं?"

ते बोलले ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं ते आता सांगतील, म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. हे बोनेटमध्ये वाकून काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. मला बोलता आलं असतं, "यांनीच हाताला धरून नेलं." एवढे चारच शब्द. पण मी नुसती होकाराची मान हलवली.

"लेकी, तुले तुन्ही मायनी काही शिकाडं नही का?" मोठमाय म्हणाल्या. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आईचं नाव निघालं. मी खळ्यात निघून गेले.

आता निघताना आडकाठी झाली, म्हणून नवरदेवाला उतरवून पुन्हा घरात घेतलं. त्यांच्यात तशी रीत होती. पुन्हा पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं, पुन्हा ओवाळायचं आणि नव्याने निघायचं. मोटारीवर गोमूत्र शिंपडलं. सगळी माणसं नवरदेवामागे आत गेली. आणि मला खळ्यात मोटारीचा आवाज आला. पाहते तो गाडी उलटी चालत फाटकातून आत येत होती. "इंजिन तापनं, पानी टाकी लयतो," असं हे बाहेर कोणाला तरी ओरडून सांगत होते.

ते उतरले, बोनेट उघडलं आणि माझ्याकडे आले.

"चाल, पटकन. सर्वा आत शेतस."

मी खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. उठले नाही.

"ऐकस ना? तुन्हा पाया पडतू. मुहूर्त जाई."

मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसत होतं. मी हात घातला तर गाडी सुटणार. सुटली की सगळे म्हणणार, गोमूत्र शिंपडलं आणि सुटली. म्हणजे माझ्याच विटाळाने अडकली होती, हे माझ्याच हाताने खरं ठरणार. आणि नाही घातला तर ही खोली जाणार, ही चूल जाणार. आठ कोसांवर एक पोरगी हळद लावून बसली होती, तिने कोणाचं काही केलं नव्हतं.

मी उठले. इंजिन तापलेलं होतं, कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. पट्टी शोधायला वेळ लागला नाही. खट् झालं. यांनी बोनेट आपटलं, गाडीत बसले आणि निघून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. हाताला काय झालं, तेही नाही.

बाहेर आरोळी उठली, "सुटनी! सुटनी!" मग मोठमायचा आवाज, "दखा. मी काय सांगी ऱ्हायनी व्हती?" मी भाजलेल्या हातावर तेल लावत ते ऐकत होते.

मुहूर्त साधला. रात्री हे परत आले ते लाडवांचा पुडा घेऊन. मालक खूश होते म्हणे. मी पुडा घेतला नाही.

"रागावनी का?" ते म्हणाले. "आते इचार कर. तुले कोन काय करी? बाईमानूसले कोन नोकरीवरथून काढस? दोन दिन बोलतीन, इसरी जातीन. मन्ही नोकरी जाती तं?"

त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. त्यांच्या तोंडावर लाज नव्हती, हिशेब बरोबर जमल्याचं समाधान होतं.

लोक दोन दिवसांत विसरले नाहीत. सव्वा महिना मला ओट्यासमोर जायची बंदी झाली. विहिरीवर माझी घागर सगळ्यांच्या शेवटी भरायची. तिथे मालकांच्या शेतात कामाला येणाऱ्या बायाही असायच्या. त्यातली एक फटकळ होती. मी पोहरा सोडला की म्हणायची, "हात सांभाळ वं माय, नहीतर पोहरा मांगेच जाई!" सगळ्या हसायच्या. मी पण एकदा हसले, आणि घरी येऊन रडले. गोष्ट धानोऱ्यापर्यंत गेली. आई भेटायला आली तेव्हा तिने मला एवढंच विचारलं की मी तुला असं वागायला शिकवलं होतं का. मी तिलाही उरलेलं अर्धं सांगितलं नाही. नवऱ्याची नोकरी जाईल, ही भीती आता माझ्यात शिरली होती. आई मरेपर्यंत तिला ते कळलं नाही ते नाहीच.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा अडकली. हे दारात आले. "चाल," म्हणाले, काही झालंच नसल्यासारखं.

मी ज्वारी पाखडत होते. म्हटलं, "गोमूत्र शिंपडा."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हात उगारला, पण मारलं नाही. तसेच वळून गेले. त्या दिवशी त्यांना मालकांना सांगावंच लागलं. बैलजोडी लावून गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत ओढली आणि मग ट्रकमागे बांधून विसरवाडीच्या मिस्तरीकडे नेली. संध्याकाळी ती नीट चालत परत आली. पट्ट्यांच्या बुडाशी अंगठीसारखे दोन लहान बुश असतात, ते घासून गेले होते. मिस्तरीने बदलले. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत एकदाही अडकली नाही.

हे मला जेवताना त्यांनीच सांगितलं, सहज. "तो मिस्तरी तं दिवाळीलेच बोलना व्हता, बुश बदली टाक म्हने."

"मंग का नही बदला?"

"मालक म्हनता ना, लेतांना काय दखं तू? मीच पसंद करी व्हती. आनी तुन्हा हात व्हताच ना."

मी भाकरी वाढली. दिवाळी म्हणजे लग्नाच्या चार महिने आधी. म्हणजे मी पहिल्यांदा बाहेर बसलेली असताना त्यांनी मनगट धरून मला उठवलं, त्याच्याही आधी. मी ज्याला माया समजून धरून बसले होते, ती दोन बुशांची सोय होती.

मोठमायला बुशांचं कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर मी ते चार दिवस फार कडक पाळायला लागले. मालकांच्या सुना लपून-छपून एखादं भांडं शिवायच्या, मी तेही नाही. मोठमाय मला नावाजायच्या, सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. एकदा यांना ताप भरला होता आणि मी पडवीत होते. खोलीतून त्यांनी पाणी मागितलं. दोनदा, तीनदा. मी म्हटलं, मी बाहेर आहे, शिवता येत नाही. ते म्हणाले, अगं, इथे कोण बघतंय? मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. थोड्या वेळाने ते स्वतःच उठले, घागरीवरचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला, आणि मला वाईट वाटलं नाही.